रक्तात विष भिनते म्हणजे काय?



कापणीच्या दिवसांत कोणाला विळा लागतो. जखम लहान म्हणून तो तशीच फडक्याने बांधतो आणि कामाला लागतो. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजतो, थंडी वाजून ताप येतो, माणूस बरळू लागतो, आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झालेला असतो. मागाहून लोक म्हणतात, ‘रक्तात विष भिनले.’ हे विष सापाचे नव्हे की विंचवाचे नव्हे. डॉक्टर लोक ह्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ कुजणे, सडणे असा आहे.

पूर्वी असे समजत की रोगजंतू रक्तात शिरून विष सोडतात आणि त्या विषाने माणूस दगावतो. ह्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. २०१६ साली जगातील तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या ठरविली, तिचा सारांश असा की जंतूंशी लढताना शरीराचाच तोल सुटतो आणि त्यामुळे अवयव निकामी होऊ लागतात. उसाच्या फडात रानडुक्कर शिरले आणि त्याला हाकलायला सारा गाव काठ्या-कोयते घेऊन फडात घुसला, तर डुकराने केले त्याहून जास्त नुकसान माणसांच्या पायांनी होते. सेप्सिसमध्ये असेच घडते. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब उतरतो, बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, मूत्रपिंडे लघवी करणे थांबवितात, फुप्फुसांत पाणी भरते. डुक्कर कोठून आले आणि कोणत्या जातीचे होते, हे ओळखले तरच पुढचा उपाय नीट करता येतो. म्हणून आज आपण ह्या जंतूंची ओळख करून घेऊ.

हा विकार दुर्मीळ नाही. २०१७ सालासाठी संशोधकांनी काढलेल्या अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात जगभर सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात मेले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी एक. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया, बाळंतरोग, कावीळ असे काही तरी लिहिलेले असते. शेवटचा घाव सेप्सिसचा होता हे घरच्यांना पुष्कळदा कळतही नाही.

बहुतेक वेळा हे जंतू बाहेरून आलेले नसतात, आपल्याच अंगावर आणि आतड्यांत ते राहत असतात. जागेवर असले की निरुपद्रवी, जागा सोडली की घातक. पहिला घ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन ह्यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना बारीक गोल जंतूंचे द्राक्षांसारखे घोस दिसले. ग्रीक भाषेत द्राक्षांच्या घोसाला ‘स्टॅफिली’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. ऑरियस म्हणजे सोनेरी, कारण प्रयोगशाळेत वाढविला की त्याचे पिवळसर सोनेरी ठिपके दिसतात. दर तीन माणसांतल्या साधारण एकाच्या नाकात हा जंतू सुखाने नांदत असतो. खरचटलेल्या कातडीतून आत गेला की गळू, करट, नखुरडे होते. तेथून रक्तात उतरला तर हृदयाच्या झडपांवर, हाडांत, मणक्यांत बिऱ्हाड करतो. नाकावरचे किंवा वरच्या ओठावरचे गळू पिळू नये असे जाणती माणसे सांगत आली आहेत. ते अगदी बरोबर आहे, कारण तेथल्या रक्तवाहिन्यांचा मार्ग मेंदूच्या बाजूला जातो.

दुसरा स्ट्रेप्टोकॉकस. हेही गोल जंतू, पण घोसाऐवजी माळेसारखे एकामागे एक ओवलेले. घसा धरणे, पाय लालभडक होऊन सुजणे ही त्याची नेहमीची कामे. बाळंतिणीच्या तापाचा तो जुना गुन्हेगार आहे. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस ह्या डॉक्टरांना दिसले की शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टरांच्या वॉर्डात सुईणींच्या वॉर्डापेक्षा कितीतरी जास्त बाया मरतात. त्यांनी १८४७ साली क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरांत अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आले. जंतू कोणता हे त्यांना ठाऊक नव्हते. तो माळेसारखा जंतू पुढे १८७९ साली लुई पाश्चर ह्यांनी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत फळ्यावर काढून दाखविला.

ह्या दोन जंतूंची जोडी किती भयंकर, हे ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायाच्या हकिकतीवरून कळते. ॲल्बर्ट अलेक्झांडर हे त्याचे नाव, वय ४३. तोंडाजवळ झालेल्या जखमेतून दोन्ही जंतू आत शिरले. गुलाबाचा काटा लागल्याचे बरीच वर्षे सांगत असत, बाँबहल्ल्यात जखम झाली होती असेही पुढे समोर आले. चेहरा गळवांनी भरला, एक डोळा काढावा लागला, फुप्फुसांपर्यंत पू पोचला. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याला नवे औषध टोचण्यास सुरुवात झाली, ते म्हणजे पेनिसिलिन. दिवसभरात उतार दिसला, ताप उतरला, तो जेवू लागला. पण साऱ्या इंग्लंडात औषध होते मूठभर. त्याच्या लघवीतून वाया जाणारे पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच दिले, तरी पाच दिवसांत साठा संपला. रोग उलटला आणि १५ मार्चला तो मरण पावला. बरे वाटले म्हणून निम्म्यावर गोळ्या सोडणाऱ्यांनी ही हकिकत मनात ठेवावी. त्या शिपायाला औषध मिळाले नाही म्हणून उपचार थांबला, आपल्याकडे ते घरात पडून असते.

आता पोटाकडे वळू. एशेरिकिया कोलाय, ज्याला डॉक्टर थोडक्यात ई-कोलाय म्हणतात, हा आपल्या आणि आपल्या गुरांच्या आतड्यांतला कायमचा रहिवासी. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिक ह्यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून तो वेगळा केला. आतड्यात असेतोवर काही बिघडत नाही. लघवीच्या मार्गात चढला की जळजळ, वारंवार लघवी, कंबरेत कळ आणि मग हुडहुडी भरून ताप. सेप्सिसच्या रुग्णांच्या रक्तात जे जंतू सापडतात, त्यांत हा नेहमी वरच्या क्रमांकांवर असतो. शेतात दिवसभर राबणाऱ्या आपल्या बायका आडोसा नाही म्हणून पाणी पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. ह्या जंतूला ह्याहून सोयीची गोष्ट नाही. पुरुषमंडळींनी बांधावर चार पत्रे उभे करून आडोसा केला, तर तो खर्च औषधांच्या खर्चापेक्षा खात्रीने कमी होईल. म्हाताऱ्या पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढून लघवी तुंबते, तेथेही हाच जंतू संधी साधतो. अपेंडिक्स फुटले, आतड्याला भोक पडले, पित्ताशयात खडा अडकला की पोटातून रक्तात जाणाऱ्यांत हा आणि त्याचा भाऊबंद क्लेब्सिएला असतात.

छातीच्या बाजूने येणारा मुख्य जंतू न्यूमोकॉकस. लहान मुले आणि म्हातारी माणसे त्याला लवकर बळी पडतात. त्याच्यावरची लस आपल्या देशाच्या सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून सर्व राज्यांत बाळांना मोफत मिळते. ती चुकवू नये, एवढेच सांगून पुढे जातो, कारण शेतकऱ्यांना खास सांगण्याजोगा जंतू निराळाच आहे.

तो राहतो चिखलात. बुर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय असे त्याचे लांबलचक नाव, आणि त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाला मेलिऑयडोसिस म्हणतात. रंगूनच्या रुग्णालयात आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी ह्यांना १९११ साली शवविच्छेदन करताना काही प्रेतांच्या फुप्फुसांत, यकृतात, प्लीहेत पुवाच्या गाठी आढळल्या. त्यातून हा जंतू निघाला आणि १९१२ साली त्यांनी त्याचे वर्णन छापले. थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलिया येथे हा रोग सर्वांना माहीत आहे. आपल्याकडे मणिपाल, मंगळूर, वेल्लूर येथील मोठ्या रुग्णालयांत त्याचे रुग्ण वर्षानुवर्षे आढळत आले आहेत, म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या भातखाचरांना तो परका नाही. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना तो होतो आणि त्यांपैकी ८९ हजार मरतात.

पावसाळ्यात हा जंतू वर येतो. चिखलणी आणि लावणी करताना पायाच्या भेगांतून, बांध खणताना झालेल्या ओरखड्यांतून तो आत जातो. वादळी पावसात उडालेल्या तुषारांबरोबर श्वासातूनही जातो. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. मधुमेही माणूस मात्र त्याचे आवडते सावज आहे. मूत्रपिंडाचे जुने दुखणे असलेले आणि रोज भरपूर दारू पिणारे त्याच्या खालोखाल. कोणाला आठवड्याभरात कडक न्यूमोनिया आणि सेप्सिस होतो. कोणाला महिनोन्‌महिने बारीक ताप, खोकला, वजन उतरणे असे चालते, एक्स-रेत फुप्फुसावर डाग दिसतो आणि थुंकीत क्षयाचे जंतू न सापडताही क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्यांनी ह्या रोगाला काही होत नाही. कधी कधी तर हा जंतू अंगात दबा धरून बसतो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या एका सैनिकाला ६२ वर्षांनंतर तो झाल्याची नोंद आहे.

त्याला ओळखणेही सोपे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो दोन्ही टोकांना गडद, मधे फिका, म्हणजे सेफ्टी पिनेसारखा दिसतो. सवय नसलेल्या प्रयोगशाळेत त्याला स्यूडोमोनास समजून बाजूला टाकले जाते. साधी पेनिसिलिनची आणि जेंटामायसिनची इंजेक्शने सहसा त्याच्यावर चालत नाहीत. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम हे औषध शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस, आणि त्यानंतर कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या सुमारे तीन महिने, असा त्याचा लांब उपचार आहे. गोळ्या मधेच सोडल्या तर रोग उलटतो. म्हणून साखरेचे दुखणे असलेल्या भातशेतकऱ्याला पावसाळ्यात ताप आला, तर त्याने डॉक्टरांना ‘मी चिखलात काम करतो’ हे आपण होऊन सांगावे. शहरातल्या तरुण डॉक्टरांना ते विचारायचे सुचेलच असे नाही.

चिखलातला दुसरा शत्रू लेप्टोस्पायरा. गोव्यात आणि सिंधुदुर्गात तो सर्वांच्या ओळखीचा आहे. उंदराच्या लघवीतून खाचरातल्या पाण्यात येतो. ताप, पोटऱ्यांत असह्य ठणका, डोळे लाल, मग कावीळ असा त्याचा क्रम. नेहमीच्या रक्ततपासणीच्या बाटलीत तो वाढत नाही, त्याची चाचणी वेगळी मागावी लागते.

ह्या दोघांपासून बचावाचा उपाय एकच: गमबूट. चिखलात ते रुततात, लावणीला जड जातात, हे खरे आहे. पण ज्याला मधुमेह आहे त्याने तरी लावणी दुसऱ्यावर सोपवावी, नाहीतर बूट घालावेत आणि रोज संध्याकाळी पाय साबणाने धुऊन भेगा पाहाव्यात. साखर वाढली की पायांची जाणीव मंद होते, काटा मोडल्याचे कळतही नाही.

रुग्णालयात राहणारे जंतूही आहेत. स्यूडोमोनासमुळे पुवाला निळसर हिरवी झाक आणि गोडसर वास येतो. ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे अतिदक्षता विभागात नळ्या, सलाईनच्या सुया, श्वासाची यंत्रे ह्यांच्या वाटेने शिरतात. बरेच दिवस प्रतिजैविके घेतलेल्या अशक्त रुग्णाच्या रक्तात कँडिडा नावाची बुरशीही वाढते. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बाळांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बाळांच्या रक्तात सर्वांत जास्त ॲसिनेटोबॅक्टर आढळला, त्यानंतर क्लेब्सिएला आणि ई-कोलाय. म्हणून बाळंतिणीला बघायला जाणाऱ्या नातलगांनी बाळाला हाती घेण्याआधी हात धुवावेत आणि नाळेवर राख, तेल, शेण काहीही लावू नये. नाळ कोरडी ठेवली की पुरे.

नेमका जंतू कोणता हे कळावे म्हणून डॉक्टर रक्त घेऊन खास बाटल्यांत घालतात. त्या बाटल्यांत जंतूंचे खाद्य असते आणि जंतू असला तर एक-दोन दिवसांत वाढून दिसतो. मग त्याला रंग देतात. ही युक्ती डेन्मार्कचे डॉक्टर हान्स ख्रिस्तियन ग्राम ह्यांनी १८८४ साली शोधली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, न्यूमोकॉकस हे त्यांतले. ई-कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर आणि आपला चिखलातला जंतू हे रंग सोडतात आणि नंतर दिलेला गुलाबी रंग घेतात. दोन्ही गटांच्या कवचाची बांधणी वेगळी, म्हणून औषधेही पुष्कळदा वेगळी. तिसऱ्या पायरीला कोणते औषध त्याला मारते ते बशीत पाहतात. ह्या सर्वाला दोन-तीन दिवस जातात आणि अनेक रुग्णांच्या रक्तात शेवटपर्यंत काहीच उगवत नाही. तेवढे थांबणे परवडत नाही. म्हणून रक्त घेतले की लगेच डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात. रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला ते पहिल्या तासातच द्यावे असा आजचा नियम आहे. येथे एक अडचण आपल्याकडूनच होते. दुकानातून दोन-चार प्रतिजैविक गोळ्या आणून आधीच गिळलेल्या असल्या तर बाटलीत जंतू उगवत नाही आणि डॉक्टरांचे डोळे बांधल्यासारखे होतात.

त्याहून मोठा प्रश्न औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा आहे, आणि त्यात शेतीचा हात आहे. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर ह्यांच्यावर इतर औषधे हरली की कोलिस्टिन हे जुने औषध शेवटचा आधार म्हणून वापरतात. तेच कोलिस्टिन कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यातून दिले जात होते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये मांस-अंड्यांसाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. कोंबडीपालन करणाऱ्यांनी खाद्याच्या पोत्यात काय मिसळले आहे ते विचारूनच पोते घ्यावे. गाईला दगडी होते तीही पुष्कळदा ह्याच स्टॅफिलोकॉकस आणि ई-कोलायमुळे. सडात औषधाची नळी सोडली असेल, तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीत घालू नये आणि घरच्या मुलांनाही देऊ नये.

जखम झाली तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबण लावून चांगली धुवावी. शेण, चुना, तंबाखू, माती ह्यांतले काही तिच्यात भरू नये. खोल गेलेला खिळा किंवा काटा, जनावराच्या शिंगाची जखम, चावा, ही दवाखान्यातच दाखवावीत. एक गैरसमज फार पसरला आहे की धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले की जखम पिकत नाही. ते इंजेक्शन (हल्ली त्यात घटसर्पाचीही लस असते) जरूर घ्यावे, पण ते धनुर्वातापासूनच रक्षण करते. वर सांगितलेल्या जंतूंपैकी एकालाही ते अडवीत नाही.

आता वेळ ओळखण्याचे. ताप, जखम, खोकला, लघवीची जळजळ असे काही चालू असताना माणूस बरळू लागला किंवा ओळख विसरू लागला, श्वास मिनिटाला बावीस किंवा जास्त झाला, लघवी दिवसभर झाली नाही, हातपाय गार पडून कातडीवर निळसर नक्षी दिसू लागली, उभे राहताच झापड येऊ लागली, तर उजाडण्याची वाट पाहू नये. घड्याळ लावून श्वास मोजणे घरातल्या शाळकरी पोरालाही जमते. म्हाताऱ्या माणसांत ताप येईलच असे नाही, उलट अंग गार पडते आणि ‘आजोबा आज नुसते झोपून आहेत’ एवढेच दिसते. तान्हे बाळ अंगावर पिणे सोडते, लुळे पडते, गार लागते, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेते.

निघताना रुग्णाबरोबर जुने कागद, मधुमेहाची वही आणि आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, पिशवीत घालावीत. १०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका मोफत येते. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात विचारावे, ‘हा सेप्सिस तर नव्हे?’ आणि ताप कधी आला, जखम कधी व कशाने झाली, लघवी शेवटची केव्हा झाली, माणूस कोणत्या पाण्यात व चिखलात उतरला होता, हे जे सोबत जाईल त्याला नीट सांगता यावे म्हणून घरातून निघण्यापूर्वीच एका कागदावर लिहून घ्यावे.